सईची यादी: मेरिट स्कॉलरशिपच्या शोधाचं एक प्रकरण

सई हे तिचं खरं नाव नाही. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कॉलेजांना क, ख, ग, घ म्हटलं आहे आणि रकमा जवळच्या हजारात बसवल्या आहेत. मी व्यावसायिक समुपदेशक नाही. माझी दोन मुलं अमेरिकेतल्या प्रवेशाच्या चरकातून निघाली, तेव्हापासून ओळखीतल्या मुलांच्या याद्या माझ्याकडे तपासायला येतात. त्यातलीच ही एक.

पार्श्वभूमी

न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब. वडील सॉफ्टवेअरमध्ये, आई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. सई २०२३ च्या उन्हाळ्यात बारावीच्या उंबरठ्यावर होती आणि धाकटा भाऊ नववीत जाणार होता. सईला पर्यावरण अभियांत्रिकी करायची होती. शाळेतल्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, चार पैकी ३.९; कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत १६०० पैकी १४७०. शाळेमागच्या ओढ्याच्या पाण्याचं मोजमाप ती दोन वर्षं स्वस्तातले सेन्सर लावून करत होती. भरतनाट्यम, रोबोटिक्स, मराठी शाळेत मदतनीस, वादविवाद मंडळ, हे सगळंही होतंच.

पहिल्या भेटीत तिच्या बाबांनी नऊ कॉलेजांची यादी पुढे ठेवली. "ताई, मार्क आहेत, अ‍ॅक्टिव्हिटीज आहेत. मेरिटवर काहीतरी मिळेलच ना?"

घोळ त्या 'मेरिट' शब्दातच होता. आपण लहानपणापासून हा शब्द बोर्डाच्या यादीसोबत ऐकला. अमुक मुलगा मेरिटमध्ये आला, म्हणजे तो वरचा, आणि वरच्याला बक्षीस. अमेरिकन कॉलेजातली मेरिट स्कॉलरशिप बहुतेक वेळा वेगळी असते. आपल्याला हवा तो विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून कॉलेज आपल्या किमतीत जी सूट देतं, ती मेरिट स्कॉलरशिप. ज्या कॉलेजच्या दाराशी हुशार मुलांची आधीच झुंबड आहे, त्याला सूट देण्याचं काही कारण नसतं. आयव्ही लीगमधली आठही विद्यापीठं गुणवत्तेवर एक डॉलरही देत नाहीत, एमआयटीही देत नाही. तिथली मदत फक्त आर्थिक गरजेवर मिळते. सईच्या नऊपैकी सहा नावं याच जातकुळीतली होती.

अडचण

आईने पगाराचा हिशोब आधीच करून ठेवला होता. वर्षाला फार तर २५ हजार डॉलर बाजूला काढता येणार होते. मुलीच्या नावच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, ७० हजार होते. म्हणजे चार वर्षांचे मिळून १ लाख ७० हजार.

अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. मदत वजा जाता आपल्या घराला किती खर्च येईल, याचा अंदाज तो देतो. २०११ पासून तसा कायदाच आहे. आम्ही एका रविवारी बसून नऊही कॉलेजांचे आकडे काढले. यादीतल्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८५ हजारांच्या आसपास, आणि या कुटुंबाची 'गरज' जवळजवळ शून्य. उत्पन्न मदत मिळण्याइतकं कमी नव्हतं आणि पूर्ण किंमत मोजण्याइतकं जास्तही नव्हतं. अडकित्त्यातली सुपारी म्हणतात तसं.

त्यात ते वर्ष फॅफ्साच्या गोंधळाचं. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा सरकारी मदतीचा अर्ज २०२३ मध्ये डिसेंबरच्या अगदी अखेरीस खुला झाला. नव्या सूत्रात आणखी एक बदल होता. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असली, तर पालकांकडून अपेक्षित रक्कम पूर्वी दोघांत विभागली जायची. ती सोय गेली. सईचं चौथं वर्ष आणि भावाचं पहिलं वर्ष एकत्र येणार होतं. तेव्हा कोणी त्याकडे फार लक्ष दिलं नाही, पण पुढे हिशोबात ते वर्षच सर्वात जड निघालं.

नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्ती स्पर्धेचा दरवाजा त्या आधीच बंद झाला होता. अकरावीतल्या पीएसएटीत, म्हणजे सॅटआधीच्या पूर्वपरीक्षेत, तिचा सिलेक्शन इंडेक्स (या स्पर्धेसाठी धरले जाणारे गुण) २२८ पैकी २१९ आला. या स्पर्धेचा कटऑफ राज्यागणिक वेगळा असतो आणि न्यू जर्सीचा दरवर्षी देशातल्या सर्वात वरच्या कटऑफपैकी एक असतो. त्या वर्षी तो २२३ होता. याच गुणांवर बऱ्याच राज्यांत ती सेमीफायनलिस्ट झाली असती. तिला प्रशस्तिपत्र मिळालं. मूळ नॅशनल मेरिट शिष्यवृत्ती एकदाच मिळणारे २,५०० डॉलर असते, त्यामुळे ती हुकल्याचं फार वाटून घ्यायचं कारण नसतं. नुकसान होतं ते दुसरीकडे. अलाबामा विद्यापीठ किंवा डॅलसचं टेक्सास विद्यापीठ अशा काही ठिकाणी फायनलिस्ट मुलांसाठी फार मोठी पॅकेजेस असतात, तो रस्ता बंद होतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाबांच्या मनातला होता. आवडत्या खासगी विद्यापीठात अर्ली डिसिजनने अर्ज करायचा, प्रवेश मिळवायचा आणि पैशांचं नंतर बघायचं. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं. प्रवेश मिळाला की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. मग दोन कॉलेजांच्या सवलती शेजारी ठेवून तोलायची संधीच राहत नाही, आणि येणारच हे पक्कं असलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजने सूट का द्यावी? उरतं कर्ज. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी सरकारी कर्ज मिळतं जास्तीत जास्त ५,५०० डॉलर. बाकीचं तेव्हा पालकांच्या नावावर काढावं लागलं असतं, पॅरेंट प्लस या सरकारी कर्जातून, आणि त्याचा व्याजदर त्या वर्षी ८.०५ टक्के होता. आईने चार वर्षांची रक्कम कागदावर मांडली आणि तो कागद बाबांसमोर सरकवला. त्या रात्री कोणी फारसं बोललं नाही, असं सईने मला नंतर सांगितलं.

दुसरा पर्याय होता राज्याचं सरकारी विद्यापीठ. आपल्याच राज्यातली मुलगी म्हणून एकूण खर्च वर्षाला साधारण ३७ हजार. सोपा आणि चांगलाही. सईचा त्याला विरोध नव्हता, पण "शाळेतले निम्मे तिथेच जाणार" एवढंच ती म्हणाली.

तिसरा, बाहेरच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या. पालकांना यांचं भारी आकर्षण असतं, कारण यांच्या याद्या सगळीकडे सापडतात. कोका-कोला स्कॉलर्स ही देशातली नावाजलेली शिष्यवृत्ती वर्षाला १५० मुलांना प्रत्येकी २० हजार डॉलर देते. आकडा वाचून डोळे दिपतात, पण देश केवढा आणि जागा किती, याचाही विचार करावा लागतो. शिवाय त्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्या एकदाच मिळतात आणि खर्च चार वर्षांचा असतो.

चौथा पर्याय मी मांडला. जिथे सईचे गुण तिथल्या वरच्या पाव विद्यार्थ्यांत बसतात आणि जिथे गरज नसलेल्या मुलांनाही कॉलेज स्वतःच्या पैशातून सूट देतं, अशी कॉलेजं शोधायची. थोडक्यात, यादी बदलायची. बाबांना हे आवडलं नाही. मुलीला 'खालच्या' कॉलेजात पाठवतोय असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी स्पष्ट बोलूनही दाखवलं.

काय केलं

यादी बदलायला आम्ही एकच साधन वापरलं, कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं दरवर्षी एका ठरावीक नमुन्यात आपली माहिती प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' एवढं शोधलं की फाइल मिळते. त्यातला सी९ विभाग प्रवेश घेतलेल्या मुलांच्या परीक्षागुणांचा. एच२ए विभागात आर्थिक गरज नसतानाही कॉलेजकडून पैसे मिळालेली मुलं किती आणि सरासरी रक्कम किती, हे असतं. सईच्या आईने हे आकडे बत्तीस कॉलेजांसाठी एका तक्त्यात भरले. एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या हजारभर मुलांपैकी जेमतेम दहा-बारा जणांना मेरिट, दुसऱ्यात जवळपास निम्म्या वर्गाला. दोघांच्याही माहितीपत्रकात मात्र 'आम्ही गुणवत्तेचा सन्मान करतो' हेच वाक्य. तक्ता पुरा झाल्यावर बाबांचा सूर बदलला. माझं बोलणं पटलं नव्हतं, पण आकडे पटले.

सी७ विभागही पाहिला. अर्जदाराने दाखवलेल्या रसाला कॉलेज किती महत्त्व देतं, ते तिथे लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडे तो 'महत्त्वाचा' होता, त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रांना सई बसली आणि त्यांच्या ईमेल उघडायला लागली. हे थोडं नाटकी वाटतं, मलाही वाटतं. पण ज्याला सूट द्यायची तो येईल की नाही, याचा अंदाज कॉलेज बांधत असतं आणि त्याच्या हाताशी खुणा असतात त्या याच.

सॅट पुन्हा द्यावी का, यावर चांगलीच चर्चा झाली. १४७० वाईट नव्हते. पण यादीतलं 'ख' हे दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ जीपीए आणि सॅटच्या तक्त्यावरून आपोआप रक्कम ठरवत होतं, आणि तिथे १५०० ला पायरी होती. पायरीच्या वर वर्षाला २६ हजार, खाली १८. म्हणजे तीस गुणांची किंमत चार वर्षांत ३२ हजार डॉलर. सईने ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा दिली आणि १५२० मिळवले. तासाच्या हिशोबाने त्या उन्हाळ्यातली तिची सर्वात मोठी कमाई हीच.

अर्जाच्या निबंधात मात्र वेळ गेला. पहिल्या मसुद्यात नृत्य, रोबोट, मराठी शाळा, वादविवाद, ओढा, सगळं ओळीने हजर होतं. लग्नाच्या आहेराची यादी वाचावी तसं वाटलं. मी विचारलं, "यातलं काय तू कोणी बघत नसतानाही केलं असतंस?" ती हसली आणि म्हणाली, "मावशी, ओढाच." मग बाकीचं उपक्रमांच्या रकान्यात गेलं आणि निबंध ओढ्याचा झाला. एक सेन्सर चुकीचा जुळवल्यामुळे चार महिन्यांची नोंद तिला टाकून द्यावी लागली होती. ते लिहायला ती तयार नव्हती, अपयश का सांगायचं म्हणून. अखेर एका परिच्छेदात आलं.

आणि इथेच आमची चूक झाली. ऑगस्टची परीक्षा संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार तिने बाहेरच्या चौदा शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरण्यात घालवले. त्याच काळात 'क' या खासगी कॉलेजातल्या पूर्ण ट्यूशनच्या शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज आणि दोन वेगळे निबंध लागत होते, मुदत १५ नोव्हेंबर. प्रवेशाचा अर्ज १ नोव्हेंबरला अर्ली अ‍ॅक्शनने, म्हणजे लवकरच्या पण बंधन नसलेल्या फेरीत, वेळेवर गेला. शिष्यवृत्तीचा वेगळा अर्ज आहे, हे आम्हाला २० नोव्हेंबरला कळलं. चूक कॉलेजची नव्हती, पानावर स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या तक्त्यात 'प्रवेशाची मुदत' हा रकाना होता, 'शिष्यवृत्तीची मुदत' हा नव्हताच.

निकाल

दहा अर्जांपैकी सात ठिकाणी प्रवेश मिळाला. मेरिटचा निर्णय बहुतेक ठिकाणी फॅफ्साविना होत असल्याने, त्या गोंधळाच्या वर्षातही ही पत्रं वेळेवर आली. ज्यांचं सगळं गरजेच्या मदतीवर अवलंबून होतं, त्या घरांत लोक एप्रिल संपला तरी वाट बघत होते.

गंभीर विचार चार ठिकाणांचा झाला.

'क', खासगी: खर्च ७८ हजार, मेरिट ३२ हजार, हातून जाणार ४६.
'ख', दुसऱ्या राज्यातलं सरकारी: खर्च ५२, मेरिट २६, हातून २६. स्कॉलरशिप टिकवायला अट ३.० जीपीएची.
'ग', तांत्रिक शिक्षणासाठी नाव असलेलं खासगी: खर्च ८४, मेरिट ४०, हातून ४४. अट ३.३ जीपीएची.
'घ', आपल्या राज्यातलं सरकारी: खर्च ३७, मेरिट ३, हातून ३४.

'ग' ने फेब्रुवारीत सईला निवडक मुलांच्या मुलाखतींना बोलावलं. तिथे एका प्राध्यापकांनी बरोबर त्या चार महिन्यांच्या वाया गेलेल्या नोंदीबद्दलच विचारलं, आणि वीस मिनिटांतली बारा मिनिटं त्यावर गेली. रक्कम ४० वरून ४५ हजार झाली. ते पत्र जोडून सईने 'क' ला नम्र विनंती केली: तुमचं कॉलेज मला आवडतं, फरक एवढा आहे, फेरविचार होऊ शकेल का? त्यांनी ४ हजार वाढवले. विनंतीचं पत्र तिने स्वतः लिहिलं होतं. बाबांचा मसुदा जरा घासाघीस करणारा होता, तो बाजूला ठेवला.

खरा वाद एप्रिलमध्ये झाला. 'ग' आता पहिल्या वर्षी ३९ हजारांना पडत होतं, म्हणजे पगारातले २५ आणि खात्यातले १४. जमतंय असं वाटलं. पण स्कॉलरशिपची रक्कम चारही वर्षं तेवढीच राहते आणि खर्च वाढत जातो, ही गोष्ट प्रवेशपत्रात ठळक छापलेली नसते. आईने वर्षाला ४ टक्के वाढ धरली. 'ग' चं चौथं वर्ष ४९ हजारांच्या वर गेलं, आणि ते नेमकं धाकट्याचं पहिलं वर्ष. चार वर्षांची बेरीज 'ग' ची १ लाख ७७ हजार, 'घ' ची १ लाख ४५ आणि 'ख' ची १ लाख १७. हातात होते १ लाख ७०. दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ आपल्या राज्यातल्या विद्यापीठापेक्षा २८ हजारांनी स्वस्त पडतंय, हे बाबांना तीनदा तपासून बघावंसं वाटलं.

सईने 'ख' निवडलं. तिचं कारण पैशाचं होतं तसंच अटीचंही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गुण घसरतात, हे तिला दोन सीनियर मुलींनी सांगितलं होतं, आणि ३.३ ची टांगती तलवार तिला नको होती. झालंही तसंच. पहिल्या सत्रात रसायनशास्त्र आणि कॅल्क्युलसने तिला ३.१ वर आणलं. वर्षाअखेरीस ती ३.२४ वर थांबली. 'ख' ची स्कॉलरशिप टिकली. 'ग' मध्ये हाच निकाल लागला असता, तर ४५ हजारांचं पत्र धोक्यात आलं असतं.

बाहेरच्या चौदा अर्जांतून एक शिष्यवृत्ती मिळाली, गावातल्या संस्थेची, १,५०० डॉलर, एकदाच.

काय वेगळं करता आलं असतं

'क' चा चुकलेला अर्ज मला अजून टोचतो. मिळालीच असती असं नाही, अशा शिष्यवृत्त्यांना जागा मोजक्या असतात. पण चौदा बाहेरच्या अर्जांचा वेळ त्या दोन निबंधांना दिला असता, तर निदान रांगेत तरी उभी राहिली असती. आता कोणाचीही यादी आली की मी आधी शिष्यवृत्तीची मुदत बघते. काही विद्यापीठांत स्वतःहून अर्ज करण्याची सोयच नसते, शाळेने नाव सुचवावं लागतं. व्हर्जिनिया विद्यापीठाची जेफरसन स्कॉलरशिप तशी आहे. हे अकरावीच्या उन्हाळ्यात कळलं तरच उपयोग.

बाहेरच्या शिष्यवृत्त्या सोडून द्याव्यात असं मी म्हणणार नाही, पण गावातल्या, शाळेतल्या, पालकांच्या नोकरीच्या ठिकाणच्या आधी. तिथे अर्जदार कमी असतात. आणि मिळालेली रक्कम कॉलेज आपल्या मदतीतून वजा करतं का, हे विचारून घ्यावं. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांतल्या या वजाबाकीवर कायद्याने बंधन घातलं, पण सगळीकडे तसं नाही. 'ख' ने वजा केले नाहीत. 'ग' च्या नियमांत केले असते.

कराचा मुद्दा कोणीच वेळेवर बघितला नाही, मीही नाही. ट्यूशन, फी आणि आवश्यक पुस्तकांपलीकडे, म्हणजे राहण्या-जेवण्याला वापरलेली स्कॉलरशिपची रक्कम करपात्र असते. सईच्या बाबतीत प्रश्न आला नाही, कारण 'ख' ची ट्यूशन स्कॉलरशिपपेक्षा जास्त होती. पूर्ण खर्च मिळणाऱ्या घरांनी हे आधी बघावं. आणि ५२९ खात्यात पैसे उरले, तर स्कॉलरशिपच्या रकमेइतके काढताना दहा टक्के दंड लागत नाही, वाढीव रकमेवरचा प्राप्तिकर मात्र लागतो. या कुटुंबाने उरलेले धाकट्यासाठीच ठेवले.

एका बाबतीत माझं मत आजही डळमळीत आहे. 'ग' च्या प्रयोगशाळा सरस होत्या आणि मुलाखतीतल्या त्या प्राध्यापकांकडे सईला काम करायला मिळालं असतं. ६० हजारांचा फरक त्यापुढे मोठा की लहान, हे तक्त्यात बसत नाही. सई सध्या 'ख' मध्ये एका नदीच्या गाळावर काम करते आणि घरी फोनवर त्याचंच बोलते, एवढं मला माहीत आहे.

धाकटा आता अकरावीत आहे. परवा आईने त्याच्यासाठी नवा तक्ता उघडला, शिष्यवृत्तीच्या मुदतीचा रकाना यावेळी सर्वात डावीकडे. बाबांनी सुचवलेलं पहिलं नाव मात्र त्या सहांपैकीच होतं.